बिनतारीचा मायना : दळणवळणांतील ध्वनिसंकेतांचा एक विचार

(१)

मराठ्यांच्या दळणवळणाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें आहे तें बहुतेक कागदाच्या आधारानें लिहिलेलें आहे, आणि तें साहजिकच आहे. जासूद, काशीद, हरकारे, सांडणीस्वार यांनीं नेलेलीं पत्रें दप्तरांत राहिलीं. त्यांवरून निरोप कोठून निघाला, केव्हां पोंचला, काय होता, हें सांगतां येतें. परंतु पत्र हातीं पडण्यापूर्वीं, किंवा पत्रास अवकाशच नसेल अशा प्रसंगीं, माणसाला जागें करणारा, बोलावणारा वा थांबविणारा जो नाद असे त्याची नोंद क्वचितच होई. नाद उठला आणि विरला. त्याचें दप्तर झालें नाहीं. प्रस्तुत लेखांत या नादाचा माग काढावयाचा आहे, व तो काढतांना पेशवाईंतील पुण्यापासून निघून विसाव्या शतकांतील दुतर्फी बिनतारी यंत्रापर्यंत यावयाचें आहे. पल्ला लांब वाटेल. परंतु दोन्ही टोकांस प्रश्न एकच आहे. अनेकजण एकाच वेळीं ऐकत असतां त्यांतल्या नेमक्या एकालाच हांक कशी मारावयाची?

विवेचनाच्या सोयीसाठीं कोणत्याहि निरोपाचे तीन भाग मानूं. मोडी पत्रांच्या संग्राहकांस ते परिचितच आहेत : आरंभीं मायना, मध्यें मजकूर, शेवटीं मोर्तब. मायन्यावरून पत्र कोणास आहे, लिहिणाराचें व वाचणाराचें नातें काय, हें मजकूर वाचण्याआधींच कळतें. मोर्तबावरून पत्र येथें संपलें, यापुढें कोणीं कांहीं जोडूं नये, हें कळतें. ध्वनिसंकेत हा बहुधा मजकूर नसतो. तो मायना असतो, आणि क्वचित् मोर्तब असतो. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें तोफेचा बार, नगारा, शिंग यांना आपण ‘संदेश’ म्हणतों व मग त्यांत फारसा मजकूर सांपडत नाहीं म्हणून त्यांना गौण ठरवितों. मायन्यांत मजकूर शोधणें हीच मुळांत चूक होय.

(२)

पुण्यापासून आरंभ करूं. शनिवारवाड्याचा गृहप्रवेश इ. स. १७३२ च्या जानेवारींत झाला. त्याच्या दिल्ली दरवाज्यावरील नगारखाना आजहि उभा आहे. या वाड्याच्या नैर्ऋत्येस नदीच्या कांठाकांठानें गेलें म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या नांवानें वसलेली नारायण पेठ लागते. अशा नदीकांठच्या पेठांतून राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसाकाठीं किती प्रकारचे सांकेतिक नाद पडत असतील याचा विचार केला तर त्यांचे तीन वर्ग सहज पडतात.

पहिला वर्ग नौबतीचा. चौघडा वाजला कीं प्रहर कळे, स्वारी निघाल्याचें कळे. पण त्याहून अधिक कळे ती वाजविणाराची योग्यता. नौबत वाजविण्याचा अधिकार हा बहुमानानें मिळावयाचा असे. वाटेल त्या सरदाराला तो नसे. म्हणजे येथें नाद हा पाठविणाराची ओळख सांगतो. पत्रांत जें काम शिक्का करतो तें येथें नगारा करतो.

दुसरा वर्ग दवंडीचा. दवंडी पिटणारा आधीं डफ वा ढोल वाजवितो. लोक दारांत आले, आवाज थांबला, कीं मग तोंडानें हुकूम सांगतो. आधीं मायना, मग मजकूर, असा हा शुद्ध नमुना आहे. ढोलाच्या नादांत हुकूम नसतो. ‘आतां कांहीं सांगावयाचें आहे, कान द्या’ एवढेंच त्यांत असतें. तरी ढोल वगळून नुसता हुकूम ओरडून सांगितला तर त्यांतला पहिला अर्धा भाग कोणालाच ऐकूं जाणार नाहीं. पुढें बिनतारीच्या ध्वनिसंकेतांत हेंच तत्त्व आपणांस अक्षरशः आढळेल.

तिसरा वर्ग तोफेचा. पुण्यांत रात्रीं ठरलेल्या वेळीं तोफ होई व त्यानंतर रस्त्यावर कोणीं फिरूं नये असा दंडक असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरींत असलेला आयरिश अधिकारी विल्यम हेन्री टोन यानें पुण्याच्या या बंदोबस्ताची वाखाणणी केली आहे, आणि अवेळीं बाहेर पडल्याबद्दल पहारेकऱ्यांनीं खुद्द पेशव्यांसच एकदां रात्रभर अडकवून ठेवल्याची हकीकतहि दिली आहे. ही हकीकत अक्षरशः खरी मानावी कीं पहाऱ्याची कडक शिस्त दर्शविणारी आख्यायिका मानावी, हा प्रश्न बाजूस ठेविला तरी तिच्यांतून तोफेचा स्वभाव स्पष्ट होतो. तोफेचा मायना ‘सर्वांस’ असा असतो. ती पेशवा व फकीर असा भेद करीत नाहीं. ज्यानें ऐकली त्यालाहि ती लागू, ज्यानें ऐकली नाहीं त्यालाहि लागू. परगांवाहून आलेल्या अनोळखी माणसाला तिचा अर्थच ठाऊक नसला तरी तोहि अपराधी.

असा सर्वस्पर्शी बंदोबस्त चालविणारा माणूस निष्काळजी वा निर्दय निघाला म्हणजे काय होतें हें घाशीराम कोतवालाच्या प्रकरणांत दिसतें. इ. स. १७९१ च्या ऑगस्टांत पुण्यास आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना कोतवालीच्या लोकांनीं पकडून कोंडलें. वीसांहून अधिक लोक गुदमरून मेले. शहर खवळलें, आणि ३१ ऑगस्ट रोजीं लोकांनीं घाशीरामाला दगडांनीं ठेंचून मारलें. या प्रकरणाचा रात्रीच्या तोफेशीं थेट संबंध जोडणें साधार होणार नाहीं. परंतु ज्या पहाऱ्यास ‘हा कोण’ हें विचारण्याचें साधनच नाहीं, किंवा विचारण्याची इच्छा नाहीं, तो पहारा शेवटीं निरपराध्याच्याच गळ्याशीं येतो, एवढें त्यावरून म्हणतां येतें.

सर्वांस ऐकूं जाणाऱ्या नादांतून एकालाच हांक मारण्याची युक्ति मराठ्यांना अवगत नव्हती असें मात्र नव्हे. ती युक्ति म्हणजे पूर्वसंकेत. इ. स. १६७० त सिंहगड हस्तगत झाल्यावर गडावरील पागेस आग लावली व तिचा उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला, असें सभासद सांगतो. हा प्रकाशाचा संकेत. इ. स. १६६० च्या जुलैंत महाराज विशाळगडास सुखरूप पोंचल्याची खूण म्हणून तोफांचे बार झाले व ते ऐकून घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं प्राण ठेविला, असें परंपरा मानते. हा नादाचा संकेत. उजेड सर्व मुलखाला दिसला असेल, बार शत्रूलाहि ऐकूं गेले असतील; पण अर्थ एकालाच कळला. कारण अर्थाची किल्ली आधींच त्याच्याजवळ दिलेली होती. संकेत उघडा, किल्ली गुप्त. किंवा गुप्त नसली तरी वांटून दिलेली. या सूत्रावरच पुढची सर्व यंत्ररचना उभी आहे.

(३)

बिनतारी पुणें जिल्ह्यांत आली ती तारेची बहीण म्हणून. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बिनतारी तारव्यवहार सुरू झाला, व त्यासाठीं खडकी व दौंड येथें केंद्रें उभारलीं गेलीं. येथें एका टोकास एक व दुसऱ्या टोकास एक अशी जोडी असल्यामुळें ‘कोणास’ हा प्रश्न उद्भवत नसे.

तो उद्भवला पोलिसांच्या गाड्यांत बिनतारी यंत्र बसल्यावर. अमेरिकेंत डेट्रॉइट शहरानें १९२८ सालीं गस्तीच्या गाड्यांना एकतर्फी निरोप पाठविण्यास आरंभ केला. १९३३ सालीं न्यू जर्सींतील बेयोन येथें गाडींतून उलट बोलण्याचीहि सोय झाली. १९४० सालीं डॅनियल नोबल यांच्या योजनेनुसार कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनीं आवृत्तिमिश्रणाची, म्हणजे ज्यास एफ्. एम्. म्हणतात ती, दुतर्फी पद्धति स्वीकारली. तीच पुढें जगभर रूढ झाली. महाराष्ट्रांत या खात्याला पोलीस बिनतारी संदेश विभाग हें नांव पडलें, व त्याचें मुख्य ठाणें पुण्यांतच झालें.

आतां अडचण पाहा. नियंत्रण कक्ष एक, गाड्या पन्नास, आणि आकाशांतली वाट एकच. कक्षांतला माणूस एका गाडीला दोन वाक्यें सांगतो, तीं एकूणपन्नास गाड्यांना निष्कारण ऐकावीं लागतात. शिवाय दुसऱ्या कोणा खात्याचें बोलणें त्याच वाटेवर असेल तर तेंहि ऐकावें लागतें. आणि कोणीच बोलत नसेल तेव्हां यंत्राची नुसती खरखर. असें दिवसभर ऐकणारा मनुष्य हळूहळू ऐकेनासा होतो. कान उघडे राहतात, लक्ष मिटतें. आणि नेमकें त्याचेंच नांव पुकारलें जातें तेव्हां तें त्याच्या मनापर्यंत पोंचत नाहीं. ध्वनिसंकेताची योजना झाली ती या थकव्यावर उपाय म्हणून.

(४)

उपायाचें तत्त्व आपल्याकडील वाद्यांतून सहज समजतें. सारंगीच्या मुख्य तारांखालीं तरफेच्या बारीक तारा असतात. वर एखादा स्वर लागला कीं त्याच स्वरांत मिळविलेली तरफ आपोआप झंकारते. शेजारच्या तारा स्तब्ध राहतात. गाडींतल्या यंत्रांत तारेऐवजीं पोलादाची एक बारीक पट्टी, एका लहानशा डबींत बंद, बसविलेली असे. तिचा स्वर कारखान्यांतच कायमचा मिळविलेला. नियंत्रण कक्षानें तो स्वर पाठविला तर ती पट्टी थरथरते व यंत्राचें तोंड उघडतें. इतर गाड्यांत इतर स्वरांच्या पट्ट्या, त्या स्तब्धच. मोटोरोला कंपनीच्या यंत्रांतील अशा पट्टीस ‘व्हायब्रास्पाँडर’ म्हणत.

एकच स्वर पुरेसा नव्हता, कारण बोलण्याच्या ओघांत एखादा स्वर चुकून तसाच लागतो व यंत्र भलत्या वेळीं उघडतें. म्हणून दोन स्वर एकामागून एक देण्याची रीत पडली : पहिला सुमारें एक सेकंद, दुसरा सुमारें तीन सेकंद. मोटोरोलानें तिला ‘क्विक-कॉल टू’ असें नांव दिलें. मनुष्याच्या बोलण्यांत इतका वेळ एकाच उंचीवर टिकणारे दोन स्वर ठरल्या क्रमानें येणें जवळजवळ अशक्य. अमेरिकेंतील गांवोगांवच्या अग्निशामक पथकांत ही रीत फार रुळली. घरीं निजलेल्या स्वयंसेवकाचें यंत्र या दोन स्वरांनीं जागें होई व मग पत्ता सांगितला जाई. हा आपल्या दवंडीचाच क्रम : आधीं ढोल, मग हुकूम.

विमानांसाठीं १९५७ च्या सुमारास ‘सेल्कॉल’ ही योजना सुरू झाली. तींत दोन-दोन स्वर एकदम, अशा दोन जोड्या दिल्या जातात, व प्रत्येक विमानास चार अक्षरांचें चिन्ह मिळतें. समुद्रावरून तासच्या तास जाणाऱ्या वैमानिकांना खरखर ऐकत बसण्याच्या शिक्षेंतून त्यामुळें सुटका मिळाली.

युरोपांत पांच स्वरांची पद्धति रूढ झाली. तींत शून्य ते नऊ या प्रत्येक अंकास एक स्वर नेमलेला असतो, व पांच स्वर झपाट्यानें एकापुढें एक दिले कीं पांच अंकी क्रमांक पुरा होतो. म्हणजे एकाच वाटेवर एक लाख निरनिराळे पत्ते. एका प्रसिद्ध जर्मन कोष्टकांत एकास सेकंदाला १०६० कंपनें, दोनास ११६०, तिनास १२७०, असें करीत शून्यास २४०० कंपनें दिलीं आहेत, व प्रत्येक स्वर सेकंदाच्या सत्तर-सहस्रांश भागापुरता टिकतो. पांचहि स्वर मिळून अर्धा सेकंदसुद्धां लागत नाहीं. ऐकणाराला ती केवळ एक किलबिल वाटते.

या पद्धतींतील एक बारकावा हस्तलिखितांच्या अभ्यासकांस विशेष वाटेल. क्रमांकांत एकच अंक लागोपाठ दोनदां आला, समजा २२, तर दोन सारखे स्वर एकमेकांस चिकटून एकच लांब स्वर ऐकूं येईल व क्रमांक चुकेल. म्हणून ‘पुनरुक्ति’ दाखविणारा एक अकरावा स्वर राखून ठेविला आहे. वरील जर्मन कोष्टकांत तो २६०० कंपनांचा आहे. पहिल्या २ साठीं दोनाचा स्वर, दुसऱ्यासाठीं पुनरुक्तीचा. आपल्या पोथ्यांतून पुनरुक्त शब्द पुन्हां न लिहितां त्यापुढें ‘२’ हा आंकडा घालण्याची जी रीत आहे तिचें हें भावंडच. लेखकानें ती श्रम वांचविण्यासाठीं पत्करली, यंत्रानें भ्रम टाळण्यासाठीं. परंतु ‘मागील तेंच पुन्हां’ असें सांगणाऱ्या स्वतंत्र चिन्हाची गरज दोघांनाहि भासली.

(५)

आतांपर्यंतचे स्वर निरोपाच्या आरंभीं येतात. याहून वेगळी रीत म्हणजे बोलणें चालू असेपर्यंत त्याच्या तळाशीं एक मंद्र स्वर अखंड चालू ठेवणें. गवय्याच्या मागें तंबोरा चालावा तसा. हे स्वर सेकंदाला ६७ पासून २५०.३ कंपनांपर्यंतचे असतात. ज्या यंत्रास हा नेमका तंबोरा मिळतो तेंच उघडतें. या स्वरांना ‘अश्राव्य’ म्हणण्याचा प्रघात आहे तो बरोबर नाहीं. पुरुषाच्या गळ्याचा षड्ज याच पट्ट्यांत पडतो. मनुष्यास हे स्वर चांगले ऐकूं येतात. ते ऐकूं येत नाहींत याचें कारण एवढेंच कीं यंत्र ३०० कंपनांखालचें सर्व गाळून मग बोलणें कानाशीं देतें. त्यांतहि स्थलकालाचा विवेक लागतो. जेथें विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे, जसा तो भारतांत आहे, तेथें विजेची स्वतःची गुणगुण १०० कंपनांवर पडते. म्हणून बरोबर १०० चा स्वर निवडणें गैरसोयीचें.

येथें मोर्तबाचा प्रश्न आला. बोलणारानें बोलणें संपवून कळ सोडली तरी पोलादी पट्टी क्षणभर थरथरतच राहते, व तेवढ्या क्षणांत उघड्या यंत्रांतून खरखरीचा एक फटकारा ऐकणाराच्या कानांत बसतो. यावर उपाय असा निघाला कीं कळ सुटतांच पाठविणाऱ्या यंत्रानें तो मंद्र स्वर निमिषभर उलट्या पावलानें चालवावा. झोपाळा पुढें येत असतां समोरून ढकलला तर जसा जागच्या जागीं थांबतो, तशी पट्टी थबकते व यंत्राचें तोंड खरखर शिरण्यापूर्वींच मिटतें. मजकुराखालीं मोर्तब होतें तें नंतर कोणीं ओळ वाढवूं नये म्हणून. येथें निरोपाखालीं मोर्तब होतें तें गोंगाटानें ओळ वाढवूं नये म्हणून.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. या स्वरांनीं गुप्तता येत नाहीं. अमेरिकन व्यापाऱ्यांनीं या मंद्र स्वराला ‘प्रायव्हेट लाइन’ असें भारदस्त नांव दिलें, तरी ज्याच्या यंत्रावर असें बंधन नाहीं त्याला सर्व बोलणें ऐकूं येतेंच. मायन्यावर एकाचें नांव आहे म्हणून दुसऱ्यास पत्र वाचतां येत नाहीं असें थोडेंच आहे! स्वरसंकेत हा पत्ता आहे, कुलूप नव्हे.

(६)

तोफ सर्वांस हांक मारी. पट्टी एकालाच मारते. मग यंत्रानें तोफेवर मात केली असें म्हणावें काय? या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्याच इतिहासांत आहे, आणि तें नारायण पेठेच्या दारांत लिहिलें गेलें.

१२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें नवें धरण फुटलें. तें पाणी खालीं खडकवासल्याच्या जुन्या धरणांत आलें, व दुपारच्या सुमारास तेंहि फुटलें. मुठेचें पाणी लकडी पुलावरून गेलें. नारायण, शनिवार, सदाशिव, कसबा या पेठांतून घुसलें. शेंकडों माणसें दगावलीं आणि सहस्रावधि घरें गेलीं. पहिलें धरण फुटणें व शहर बुडणें यांमध्यें कांहीं तासांचें अंतर होतें. पुण्यास आकाशवाणीचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ पासून होतें. तार होती, दूरध्वनि होता. या सर्व साधनांनीं निरोप एका कचेरींतून दुसऱ्या कचेरीस जाऊं शकतो. पण पेठेंतल्या प्रत्येक घराला एकाच क्षणीं उठविणारा, ज्याचा अर्थ लहान मुलासहि ठाऊक आहे असा, पूर्वीं ठरलेला एक नाद असणें ही गोष्टच वेगळी. पेशवाईंतील पुण्यास रात्रीची तोफ म्हणजे काय हें माहीत होतें. असा सर्वांचा नाद शहराजवळ असावा लागतो, आणि त्याचा अर्थ संकटापूर्वीं वांटून ठेवावा लागतो.

यंत्ररचना करणारांनीं ही गरज ओळखलेली दिसते. दोन स्वरांच्या पद्धतींत एकच स्वर सुमारें आठ सेकंद अखंड दिला कीं त्या गटांतील सर्व यंत्रें एकदम उघडतात. म्हणजे प्रत्येकास निराळें नांव दिल्यावरहि ‘सर्वांस’ हा मायना त्यांना राखून ठेवावाच लागला. माझ्या मतें ध्वनिसंकेतांच्या इतिहासाचें सार यांतच आहे. एकालाच हांक मारतां आली म्हणजे इतरांची झोंप वांचते व निरपराध्यास त्रास होत नाहीं. परंतु ज्यांना हांक मारली नाहीं ते बहिरेच राहतात. कोणाची झोंप मोडावी व कोणाची राखावी, हा निर्णय शेवटीं माणसाचाच. पट्टी व तोफ त्याची अंमलबजावणी तेवढी करतात.

(७)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. गेल्या कांहीं दशकांत बिनतारी यंत्रें अंकीय झालीं आहेत. पत्ता, मजकूर व मोर्तब हीं तिन्ही आतां एकाच अंकप्रवाहांत मिसळून जातात व कानास त्यांतलें कांहींच वेगळें ऐकूं येत नाहीं. जुनीं स्वरयंत्रें मोडींत जात आहेत. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं मोडी रुमाल वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेले, तेव्हां त्यांचें मोल ओळखणारे लोक मोजकेच होते. आज तीच स्थिति या पट्ट्यांच्या डब्यांची, कोणत्या गाडीस कोणते स्वर हें दर्शविणाऱ्या कोष्टकांची, व नियंत्रण कक्षांतील रोजनाम्यांची आहे. यांतील प्रत्येक डबीवर तिच्या स्वराचा आंकडा उमटविलेला असतो. तो मायन्याइतकाच बोलका पुरावा आहे. अशी डबी वा असें कोष्टक कोणाच्या हातीं आलें तर त्यावरील आंकडे, स्वरांचा क्रम, प्रत्येकाचा अवधि व तें कोणत्या खात्याचें याची नोंद करून ठेवावी. आणि तो स्वर अजून कोठें वाजत असेल तर त्याचें ध्वनिमुद्रण करून ठेवावें. पुण्याच्या चौघड्याचा व तोफेचा नाद कसा होता हें आज आपणांस केवळ लेखांवरून ताडावें लागतें. बिनतारीचा नाद प्रत्यक्ष राखून ठेवणें अद्याप आपल्या हातीं आहे.